वाचकांचे प्रश्न : आरसी मोटारींच्या शर्यतीची सुरुवात

सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत : पक्क्या, सपाट जागेवर धावणाऱ्या रेडिओ-नियंत्रित, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या ‘आरसी’ मोटारींची शर्यत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावांऐवजी गावे दिली आहेत.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. त्याला रिमोटच्या गाड्यांची शर्यत शिकायची आहे. बाजारात दोन हजारांची गाडीही दिसते आणि तिच्या कितीतरी पट महाग गाडीही दिसते. बाहेरून दोन्ही सारख्याच वाटतात. नेमका फरक काय आणि पहिली कोणती घ्यावी? — एक पालक, विश्रामबाग

उत्तर : फरक दुकानातच, गाडी विकत घेण्यापूर्वी तपासता येतो. दुकानदाराला गाडी चालू करायला सांगावे, रिमोटचे चाक अगदी हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखे फिरवावे आणि गाडीच्या पुढच्या चाकांकडे पाहावे. हाताबरोबर तीही तितकीच हळू वळत असतील, तर ती गाडी शर्यतीच्या कामाची असू शकते. पण ती एकदम खटकन पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे जात असतील, तर ते खेळणे आहे, मग त्याचे खोके कितीही आकर्षक असो. दुसरी कसोटी एका प्रश्नाची आहे : “पुढचा सस्पेंशनचा आर्म तुटला तर सुटा मिळेल का?” खेळण्याचा आर्म, म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणारी दांडी, सुटा मिळत नाही, आणि शर्यतीत आर्म तुटणार हे तर ठरलेलेच असते.

डांबर किंवा सिमेंटवरच्या शर्यतीसाठी नवशिक्याने १/१० प्रमाणाची ‘टुरिंग’ गाडी घ्यावी, असे माझे मत आहे. ही गाडी साधारण १९० मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या चारही चाकांना गती मिळते. त्यातही कार्बन फायबरची, पट्ट्यावर चालणारी महागडी चॅसिस सुरुवातीला नको. प्लॅस्टिकच्या टबसारख्या चॅसिसची आणि मधून दांडा गेलेली साधी गाडी हवी. तामिया या जपानी कंपनीची २०१३ साली आलेली टीटी-०२ हे या वर्गातले सर्वांना माहीत असलेले नाव आहे. ती सुट्या भागांच्या खोक्यात मिळते आणि घरी जोडावी लागते. अनेक पालकांना हे गैरसोयीचे वाटते, परंतु ज्याने दोन-तीन संध्याकाळी बसून गिअरबॉक्स स्वतः बंद केला आहे, त्यालाच पहिल्या अपघातानंतर तो उघडण्याचा धीर होतो. बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि तिला रंग आतल्या बाजूने द्यावा लागतो, म्हणजे गाडी घासली तरी रंग शाबूत राहतो. रंग आतून द्यायचा असल्यामुळे गडद रंग आधी आणि फिकट रंग नंतर, हा क्रम मुलाला आधीच सांगून ठेवावा.

या खोक्यात ट्रान्समीटर (म्हणजे रिमोट), रिसीव्हर (त्याचे संकेत घेणारा गाडीतला भाग), सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), बॅटरी आणि चार्जर बहुधा नसतात. पैसे वाचवायचे असतील तर ते गाडीत वाचवावेत. ट्रान्समीटर आणि चार्जर यांत वाचवू नयेत, कारण या दोन वस्तू पुढच्या तीन गाड्यांनाही पुरतात. ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झचाच असावा. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांत एकाच वारंवारितेच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी धावू लागते आणि अंगणात भांडण होते. खर्चातली आणखी एकच गोष्ट सुचवतो : खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या बुशांच्या (फिरणारे दांडे ज्यांत बसतात त्या कड्यांच्या) जागी पहिल्या जोडणीतच बॉल बेअरिंग बसवावीत. बहुतेक जागी बाहेरून ११, आतून ५ आणि जाडीला ४ मिलिमीटरचे, ‘११५०’ या क्रमांकाने मागायचे बेअरिंग लागते. नंतर बसवायचे म्हटले तर सगळी गाडी पुन्हा उघडावी लागते.

आणि हे सगळे घेण्याआधी मुलाला वर्गातले, गल्लीतले आणखी तिघे शोधायला सांगा, आणि चौघांनी एकच गाडी, एकच मोटर आणि एकच प्रकारचे टायर घ्यावेत. एकट्याकडे असलेल्या सर्वांत वेगवान गाडीचा आठ दिवसांत कंटाळा येतो. चार सारख्या संथ गाड्यांचा येत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खोक्याबरोबर आलेली ५४० आकाराची मोटर फार मंद आहे असे सगळे सांगतात. थेट ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली) मोटर घ्यावी का? १३.५टी, १७.५टी यांतला ‘टी’ काय आहे? आणि पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे छोटे गिअर) किती दातांचे लावावे? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : ‘टी’ म्हणजे टर्न्स, मोटरच्या गुंडाळीतले वेढे. वेढे जितके कमी तितके फेरे जास्त, आणि बॅटरीतून ओढला जाणारा प्रवाहही जास्त, म्हणून २१.५टी शांत, १७.५टी मध्यम आणि १३.५टी वेगवान, असा क्रम लागतो. शर्यतींचे वर्गही बहुधा या वेढ्यांवरूनच पाडलेले असतात.

आता तुमच्या मंद मोटरचा हिशेब करू. टीटी-०२मध्ये मूळ स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवते तो मोठा गिअर) ७० दातांचा आणि पिनियन २२ दातांचे असते, तर गिअरबॉक्सच्या आतले गुणोत्तर २.६ असते. ७० भागिले २२, गुणिले २.६, म्हणजे ८.२७. मोटरचे ८.२७ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेते असे धरले तर चाक सुमारे १,८१४ फेरे घेईल. टायरचा परीघ जवळपास २० सेंटिमीटर असल्यामुळे गाडी मिनिटात ३६३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर जाईल. आकडा लहान वाटतो, पण बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब असते आणि या वेगाने ते पाच सेकंदांच्या आत संपते. वळणाचा निर्णय घ्यायला तुमच्याकडे त्यातला एखादाच सेकंद असतो. पहिले तीन महिने ही मोटर तुम्हाला पुरून उरेल.

पिनियनचे दात वाढवले की वरचा वेग वाढतो आणि उचल कमी होते. २२ ऐवजी २४ दातांचे लावल्यास गुणोत्तर ७.५८ होते. मात्र त्याबरोबर मोटर तापते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचे डांबर आधीच तापलेले असते. म्हणून एका वेळी एकच दात वाढवावा, तीन मिनिटे गाडी चालवावी आणि मोटरचे तापमान पाहावे. ते ८० अंशांकडे झुकू लागले तर मुकाट्याने मागे यावे. करोनाच्या काळात घराघरांत आलेल्या कपाळावर धरायच्या थर्मामीटरचा इथे उपयोग नाही, कारण शरीराचे तापमान मोजताना तो बहुधा ४३ अंशांच्या आसपासच थांबतो. औद्योगिक वापराचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यावा. पिनियन बसवताना दोन गिअरच्या दातांमध्ये साध्या कागदाची अरुंद पट्टी धरून मोटर दाबावी, स्क्रू घट्ट करावेत आणि पट्टी फिरवून बाहेर काढावी. पट्टीवर नागमोडी घडी उमटली आणि कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर आहे.

प्रश्न : माझी गाडी आमच्या चौघांत सर्वांत वेगवान आहे, तरी मी कायम तिसरा किंवा चौथा येतो. कोणता पार्ट बदलावा? — एक वाचक, पलूस

उत्तर : कोणताही नाही. तुमच्या पत्रात ‘सर्वांत वेगवान फेरी माझीच असते’ असे वाक्य आहे. तिथेच उत्तर आहे.

विजेवरच्या टुरिंग गाड्यांची शर्यत सहसा पाच मिनिटांची असते आणि वेळ संपताना जी फेरी चालू असेल ती पूर्ण केली जाते. समजा, तुम्ही एक फेरी १४.५ सेकंदांत मारता आणि तुमचा मित्र १६ सेकंदांत. तुमची गाडी पाच मिनिटांत चार वेळा कडेला धडकते आणि कोणीतरी ती उचलून सरळ करेपर्यंत दर वेळी १० सेकंद जातात. तुमच्या १८ फेऱ्यांना २६१ सेकंद अधिक वाया गेलेले ४०, असे ३०१ सेकंद लागले. मित्राच्या १८ फेऱ्या २८८ सेकंदांत झाल्या, वेळ शिल्लक होती म्हणून तो एकोणिसाव्या फेरीला निघाला आणि ती त्याने ३०४व्या सेकंदाला पुरी केली. दर फेरीला दीड सेकंद हळू असलेला माणूस अख्ख्या एका फेरीने जिंकला. हे गणित मला स्वतःला उमगायला दोन हंगाम लागले, आणि तोवर मी तीन मोटरी विकत घेऊन चुकलो होतो.

सरावाची पद्धत सांगतो. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या आठ-दहा पावलांच्या अंतराने ठेवाव्यात आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवावी. गाडी तुमच्यापासून दूर जाताना डावे-उजवे तुमच्याशी जुळते, पण ती तुमच्याकडे येऊ लागली की उलटते, आणि नवशिक्याचे बहुतेक अपघात याच क्षणी होतात. आठाच्या आकड्यात हा क्षण प्रत्येक फेरीत येतो, त्यामुळे बोटांना सवय लागते. बाटलीला न शिवता सलग पाच मिनिटे जमेपर्यंत ट्रान्समीटरवर थ्रॉटलची (वेग देणाऱ्या खटक्याची) कमाल मर्यादा निम्म्यावर आणून ठेवावी. बहुतेक बऱ्या ट्रान्समीटरमध्ये ही सोय असते. वळणावर आत शिरण्याआधी थ्रॉटल सोडायचा, गाडीचे नाक सरळ झाल्यावरच पुन्हा द्यायचा. तुम्ही वळणाच्या मध्यावर थ्रॉटल देत असणार, असा माझा कयास आहे. कारण चौघांतल्या वेगवान गाडीवाल्याला नेमका तेवढाच धीर नसतो.

प्रश्न : आमच्याकडे ट्रॅक नाही. घरासमोरचा रस्ता नवा आणि गुळगुळीत आहे. तिथे चालवली तर चालेल का? — एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावर अजिबात नको. गुडघ्याच्याही खाली असलेली ही गाडी दुचाकीस्वाराला दिसत नाही, आणि तिला चुकवताना पडणाऱ्या माणसाची जबाबदारी तुमच्यावर येते. शाळेचे सिमेंटचे बास्केटबॉल मैदान, कार्यालयाची फरसबंद मागची बाजू किंवा कारखान्याचे सुट्टीच्या दिवशीचे पार्किंग पाहावे आणि परवानगी लेखी घ्यावी. बेदाण्याच्या शेडखालची जागा मला एकाने सुचवली होती. तिथे ऊन लागत नाही हे खरे, पण खांब इतके जवळ असतात की गाडीपेक्षा खांबांचीच काळजी वाटते.

ट्रॅक आखायचे साहित्य मात्र तुमच्याकडे सांगलीतल्या कोणापेक्षाही जास्त आहे. ठिबकच्या जुन्या, टाकून दिलेल्या १६ मिलिमीटरच्या लॅटरल नळ्या घ्या. त्या हव्या त्या वळणात वाकतात, गाडी धडकली तर थोड्या सरकून धक्का सोसतात, आणि जमिनीपासून पाच-सहा मिलिमीटर उंचीवर धावणारी गाडी त्यांच्यावरून सहजी पलीकडे जात नाही. आतल्या वळणाला नळी दर हातभर अंतरावर कापडी टेपने जमिनीला चिकटवा. बाहेरच्या बाजूला मोकळी ठेवली तरी चालते. रस्त्याची रुंदी निदान अडीच-तीन मीटर ठेवा. सरळ धाव एकच, लांब, आणि बाकी सगळी वळणे, असा आराखडा नवशिक्यांना बरा पडतो. चालवणाऱ्यांनी एकाच कडेला, एकमेकांशेजारी, शक्यतो ट्रॉलीवर किंवा कट्ट्यावर उभे राहावे, कारण उंचीवरून पलीकडची वळणे दिसतात.

चालवण्यापूर्वी संपूर्ण ट्रॅक खराट्याने नव्हे, तर मऊ झाडूने झाडावा. धुळीवर रबरी टायर साबणावरून घसरावे तसे घसरतात आणि मग लोक सस्पेंशनला दोष देतात. दोन शर्यतींच्या मध्ये टायर ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत. आपल्याकडे खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हॉलच्या फरशीवर चालवायला क्योशोची १९९९ साली आलेली मिनी-झेड चांगली. तळहाताएवढी गाडी, चार ट्रिपल-ए सेलवर चालते.

प्रश्न : लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगली आहे, पण गाडी चालते. वापरू का? — एक वाचक, मिरज

उत्तर : नाही, एकदाही नाही. बॅटरी गाडीतून काढून घराबाहेर, वाळूच्या बादलीत ठेवावी आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. कचऱ्याच्या घंटागाडीत टाकू नये. माझ्याकडून एकदा मे महिन्यात भरलेली बॅटरी स्कूटरच्या डिकीत राहिली होती. दुपारी तीन वाजता डिकी उघडली तेव्हा ती उशीसारखी झाली होती, आणि दोष सर्वस्वी माझाच होता.

दोन सेलची लिपो ७.४ व्होल्टची म्हणतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर, म्हणजे बॅटरी ८.४ व्होल्टवर जाते. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की तो कायमचा बिघडतो. तुमच्या स्पीड कंट्रोलरमध्ये (मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणाऱ्या भागात) लिपोसाठीची कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरले की मोटर थांबवणारी सोय, चालू केलेली आहे का, हे आधी पाहा, कारण पत्रावरून ती बंद असावी असे वाटते. चार्जिंग नेहमी बॅलन्स पद्धतीने, म्हणजे सगळे सेल सारखे भरत, आणि क्षमतेच्या एकपट प्रवाहाने करावे : ५,००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीला ५ अँपिअर. आठवडाभर वापरायची नसेल तर चार्जरवरचा ‘स्टोरेज’ पर्याय निवडून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा. चार्जिंग सुरू असताना झोपू नये, बाहेर जाऊ नये, आणि बॅटरी गादीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवू नये. लहान मुलांच्या हाती गाडी द्यायची असेल तर सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी घ्यावी. जड असते, पण एवढी नाजूक नसते.

प्रश्न : मी लेथवर काम करतो. गाडीचे प्लॅस्टिकचे आर्म सारखे तुटतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे बनवायचा विचार आहे. शिवाय एका धडकेनंतर गाडी थ्रॉटल दिला की डावीकडे ओढते. ट्रिम (रिमोटवरून चाकांची सरळ दिशा जुळवणे) करून पाहिले, फरक पडत नाही. — एक वाचक, कुपवाड

उत्तर : तुमचा हात चांगला असणार, तरीही आर्म बनवू नका. प्लॅस्टिकचा आर्म वाकून परत येतो, नाहीतर स्वतः तुटून बाकीच्या गाडीला वाचवतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकतो आणि तसाच राहतो, किंवा धक्का पुढे चॅसिसपर्यंत पोहोचवतो, आणि मग दहा रुपयांच्या जागी शंभर जातात. तुमच्या लेथचा खरा उपयोग वेगळा आहे : मोटरवर बसणारी उष्णता-निवारक कडी, आणि चॅसिस जमिनीपासून किती उंच आहे ते मोजणारे ४ ते ८ मिलिमीटरच्या पायऱ्यांचे गेज. असे गेज बनवलेत तर तुमच्या गटातला प्रत्येक जण मागून घेईल.

गाडी डावीकडे ओढण्याचे कारण बहुधा चॅसिसमधला पीळ आहे. बॅटरीसकट गाडी सपाट कडप्प्यावर ठेवा. चाकूचे टोक पुढच्या बाजूला, बंपरखाली अगदी मधोमध घाला आणि सावकाश वर उचला. दोन्ही पुढची चाके एकाच क्षणी उचलली गेली तर पीळ नाही. एक आधी सुटले आणि दुसरे टेकून राहिले, तर आहे. हेच मागच्या बाजूला करा. चॅसिसचे वरचे स्क्रू सगळे ढिले करून, गाडी कडप्प्यावर हाताने दाबून धरून, ते समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे घट्ट करा. त्याने भागले नाही तर शॉकच्या स्प्रिंगवरचे कॉलर पाहा. डावे-उजवे सारखे आहेत का, आणि एखाद्या शॉकमधले तेल गळून गेले आहे का. ट्रिमने ही गोष्ट दुरुस्त होत नाही, कारण ट्रिम गाडी सरळ चालताना लागते आणि तुमची गाडी फक्त जोर लागल्यावर वळते.

प्रश्न : वय ६३, बँकेतून निवृत्त. हसू नका, पण मलाही घ्यावीशी वाटते. — एक वाचक, सांगली

उत्तर : हसायचे कारण नाही. तामियाची पहिली आरसी गाडी, १/१२ प्रमाणाची पोर्श ९३४, १९७६ साली आली, तेव्हा तुम्ही शाळेत असाल. ज्या मुलांनी ती त्या वेळी काचेआडून पाहिली तीच आज साठीला आली आहेत. छोट्या चाकांची, लहान चॅसिसची ‘एम’ वर्गातली गाडी घ्या. तिचा वेग कमी असतो, आणि मिनी कूपरसारख्या बॉडी तिच्यावर शोभतात. चष्मा दूरचा लावावा, आणि बॉडीचा रंग नारिंगी किंवा पोपटी ठेवावा. करड्या डांबरावर चंदेरी गाडी तिशीतल्या माणसालाही दिसत नाही.

प्रश्न : इंजिनची गाडी घेतली तर? — एक वाचक, विटा

उत्तर : पहिली गाडी म्हणून नको. त्या इंजिनांना मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण लागते, पंपावरचे पेट्रोल त्यांत चालत नाही, आणि हवामान बदलले की कार्बोरेटरची सुई पुन्हा लावावी लागते. आवाजामुळे कोणतीही शाळा दुसऱ्यांदा मैदान देणार नाही.

प्रश्न : येत्या महिन्यात आम्ही सात-आठ जण रविवारी शर्यत घेणार आहोत. नियम काय ठेवावेत? — मित्रमंडळ, मिरज

उत्तर : मोठ्या शर्यतींत प्रत्येक गाडीत ट्रान्सपाँडर (गाडीची ओळख सांगणारा संकेत पाठवणारे छोटे यंत्र) असतो आणि जमिनीखालच्या तारेवरून गाडी गेली की फेरी नोंदवली जाते. तुम्हाला वही आणि प्रत्येक गाडीमागे एक मोजणारा पुरे आहे. चार-चारचे दोन गट करा. आधी पात्रतेच्या दोन-तीन फेऱ्या घ्या, त्यांत गाड्या एकेक करून सोडा, म्हणजे पहिल्याच वळणावर चौघांचा ढीग होणार नाही. त्यातून पहिले चार ‘ए’ अंतिम फेरीत आणि उरलेले ‘बी’मध्ये. मागून येणारा तुमच्यापेक्षा एक फेरी पुढे असेल, तर सरळ धावेवर बाजूला होऊन त्याला वाट द्यावी. ट्रान्समीटर आधी चालू, गाडी नंतर. बंद करताना गाडी आधी. हा क्रम चुकला की गाडी सुसाट भिंतीकडे जाते.

ज्या गटाची फेरी झाली, त्याने पुढच्या फेरीला मार्शल म्हणून वळणांवर उभे राहायचे, हा नियम जगभर पाळला जातो आणि नवखे गट नेमका हाच विसरतात. आपली फेरी संपली की चहाला जाणारा माणूस दुसऱ्याचे दहा सेकंद खातो. मार्शलने आधी येणाऱ्या गाड्या पाहाव्यात, मग पडलेली गाडी उचलावी, ती वाहतुकीच्या दिशेने जमिनीवर ठेवावी आणि मागे सरावे. तुटलेली असेल तर बाहेर घ्यावी, तिथेच उकिडवे बसून दुरुस्त करू नये. पायात बूट असावेत. चप्पल घालून धावणारा मार्शल घसरतो, आणि ताशी ३० किलोमीटरने घोट्यावर आलेल्या गाडीची खूण आठवडाभर निळी राहते.